विहीणबाईंचे केस

त्या मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांचं तोंड दिसलंच नाही. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटचं दार उघडं होतं. मागे लेक आणि जावई माझ्या पिशव्या घेऊन उभे. आणि समोर हॉलमध्ये एक बाई कमरेत वाकून, डोकं खाली घालून उभी होती. केस सगळे पुढे सोडलेले, हातात ड्रायर घोंघावत होता. मला वाटलं, हिला उलटी होतेय. पुढे होऊन पाठीवर हात ठेवावा की काय, या विचारात असताना केसांच्या आतून आवाज आला,

"या. चपला बाहेर काढा. आत्ता मला सरळ होता येणार नाही. सरळ झाले तर सगळं बसेल."

लेकीला सातवा महिना होता. तिने खुर्ची ओढली, मी आणि जावई भिंतीला लागून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने त्या झटक्यात वर उठल्या, केस मागे फेकले, आणि पिंजलेल्या कापसातून बाहेर यावं तसं एक लहानसं, सावळं तोंड बाहेर आलं. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं,

"तेल किती घालता?"

प्रवास कसा झाला, हे त्यांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या आमच्या घरमालकीण. फ्लॅटच्या तीन खोल्यांपैकी दोन लेक-जावयाला भाड्याने दिलेल्या, तिसरीत त्या स्वतः. मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन सिंगापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा बँकेत होता, तो वारून काही वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. त्या स्वतः ऑर्चर्ड रोडवरच्या एका मोठ्या दुकानात केसांच्या शांपू आणि स्प्रेच्या काउंटरवर उभ्या राहून निवृत्त झाल्या होत्या. मी बार्शीकडची, चौथीपर्यंत शिकलेली, लेकीच्या बाळंतपणाला आलेली. माणसांत बोलायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो. त्यांना मी काय म्हणून हाक मारावी हेच मला कळेना. लेक-जावई त्यांना काकू म्हणत. मी एकदा घाबरत घाबरत "मालकीणबाई" म्हणाले.

"मालकीणबाई काय? मी काय पाटलीण आहे?" त्या म्हणाल्या. "तुमचा जावई माझ्या घरात राहतो, माझ्या फ्रीजमधलं दही न विचारता खातो. म्हणजे अर्धा मुलगा झालाच माझा. तेव्हा तुम्ही माझ्या विहीणबाई आणि मी तुमची. आता भांडायलाही मोकळ्या."

भांडायला मी कुठली येते? पण तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणू लागलो. खऱ्या विहिणीशी मी इतकं कधी बोलले नाही.

त्यांचे केस मुळात फार पातळ आणि मऊ. धुऊन नुसते सोडले तर डोक्याला चिकटून बसायचे. हे त्यांना मान्य नव्हतं. रोज सकाळी त्या आरशासमोर बसून केसांशी भांडायच्या. भांडण अख्ख्या घराला ऐकू यायचं. "उठ मेल्या! काल उठला होतास ना? मग आज काय धाड भरली?" पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणी पुरुष आहे. लेक म्हणाली, "नाही गं आई, ते काकूंचे उजव्या बाजूचे केस."

आणि मग त्या खोलीतून बाहेर यायच्या. पुढे आणि माथ्यावर केसांची छान उंच उभारी, मागे अंबाडा, एक बट इकडची तिकडे नाही. चालताना मान अशी की डोक्यावर भरलेली घागर आहे.

त्यांच्या लेखी माणसांची डोकी दोनच जातींची. भाकरी आणि पुरी. भाकरी म्हणजे जन्मजात चपटं. पुरी म्हणजे पार्लरमधून बाहेर पडताना टम्म फुगलेलं आणि घरी पोचेपर्यंत बसलेलं. "त्या पार्लरवाल्या सगळ्या पुऱ्या तळतात," असं म्हणायच्या. "मला टिकणारं पाहिजे. सकाळी उभं केलं ते रात्री उशीवर टेकेपर्यंत उभं राहिलं पाहिजे." त्यांना स्वतःला मात्र ना भाकरी थापता यायची ना पुरी लाटता. स्वयंपाकाशी त्यांचा संबंध चहापुरता.

माझं डोकं भाकरी, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. माझा भांग आईने पाडला तिथेच आजवर होता. त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की केसांना लोळायची सवय लागते. त्यांनाही कूस बदलायला लावावी माणसाने." मी मटार सोलत बसले होते, हात गुंतलेले. त्यांनी कंगव्याच्या शेपटीने माझा भांग बोटभर डावीकडे सरकवला आणि निघून गेल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी लिफ्टने खाली जाताना मला सारखं वाटत होतं की मी पदर न घेता चाललेय. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप भांग जागेवर आणला. त्यांनी पाहिलं आणि नुसतं "हं" केलं.

शनिवारी घरात बायकांची वर्दळ. कुणाच्या घरी हळदीकुंकू, कुणाकडे बारसं, कुणाच्या नवऱ्याच्या ऑफिसचं जेवण. बँकेत, कंपन्यांत मोठ्या कामावर असलेल्या बायका आमच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर मान खाली घालून बसायच्या. विहीणबाई कुणाकडून काही घेत नसत. पण ऐकून घ्यावं लागे. केस नुकतेच धुतलेले हवेत, तेलाचा थेंब नको, कंडिशनर लावलाच तर फक्त टोकांना. एक बाई सवयीने तेल लावून आली, तर तिला दारातूनच सांगितलं, "घरी जाऊन धुऊन ये. मी फोडणी करत नाही."

करायची पद्धत अशी. आधी डोकं खाली घालून मुळं वाळवायची, टोकं आपोआप वाळतात. मग माथ्यावरचे केस पातळ पातळ थरांनी उचलायचे आणि प्रत्येक थर मुळाशी उलटा विंचरायचा, टोकाकडून डोक्याकडे. वरचा एक थर मात्र तसाच ठेवायचा, तो आतल्या गुंत्यावर गुळगुळीत पसरायचा. मग मोठाले रोलर लावून ड्रायरने गरम करायचं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं. बायकांना घाई असायची. रोलर निघाले की पळू बघायच्या. विहीणबाई हातावर चापट मारायच्या.

"गार होऊ द्या! केस गरम असताना कसेही वळतात. गार होताना ज्या आकारात असतील तो आकार धरतात. सगळी टिकण्याची गंमत त्या गार होण्यात आहे."

हे "गार होऊ द्या" त्या सगळ्याला लावायच्या. बाळ झालं, आणि त्याच्या झोपण्यावरून एकदा लेक आणि जावई यांचं कडाक्याचं वाजलं. लेक रागाने पिशवी भरून सेंगकांगला मैत्रिणीकडे निघाली. मी नुसती पदर पिळत उभी. विहीणबाई डोक्यावर रोलर घेऊन दाराला आडव्या झाल्या.

"जा हवं तर. पण आत्ता नको. आत्ता तू गरम आहेस पोरी. या भांडणाच्या आकारात गार झालीस तर जन्मभर तशीच राहशील. आत बस, नवऱ्याकडे बघू नकोस, बिस्कीट खा आणि गार हो. मग जा."

लेक बिस्कीट खाता खाता हसली. गेली नाही.

बाहेर हवा अशी दमट की पापड दहा पावलांत सादळावा. त्यामुळे विहीणबाई चालायच्या त्या इमारतींच्या खालून खालून, छपराछपराने. खूपच दमट झालं तर ब्लॉकखालच्या सुपरमार्केटात शिरून गोठवलेल्या माशांच्या फ्रीजरवर डोकं धरून उभ्या राहायच्या. तिथली मलाय मुलगी विचारायची, "आंटी, फिश वॉन्ट ऑर नॉट?" या म्हणायच्या, "नो लाह, आय ॲम कूलिंग." मी बाळाला कडेवर घेऊन दोन शेल्फं सोडून लांब उभी राहायची, आमची ओळख नसल्यासारखी.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तर फारच अवघड व्हायचं. मराठी कुणाला कळत नाही असं समजून त्या मोठ्याने बोलायच्या. एकदा समोर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. टक्कल पडलेलं, आणि एका कानावरचे लांब केस पार दुसऱ्या कानापर्यंत ओढून नेलेले. विहीणबाई म्हणाल्या, "बघा विहीणबाई, शेत गेलं तरी बांध कसा राखलाय." मी खिडकीबाहेर बघायला लागले. पुढच्या स्टेशनाला ते गृहस्थ उठले, पेपराची घडी केली आणि म्हणाले, "काकू, बांधावरच्या चार काड्या आहेत. तेवढ्या तरी राहू द्या." माझं पाणी पाणी झालं. विहीणबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "अय्या, मराठी का? शनिवारी या घरी, मी नीट बसवून देते." आणि ते खरोखरच आले. बायकोला घेऊन आले. बायकोचं डोकं भाकरी होतं.

अशा बाईचा हात एक दिवस वर जाईनासा झाला.

त्या सकाळी भांडण ऐकू आलं नाही. लेक-जावई ऑफिसला गेले, बाळ झोपलं, तरी त्यांचं दार बंद. मी वाजवलं. "येऊ नका," आतून आवाज आला. मी चहा घेऊन आले होते, चहा निवत होता. मग मी दार लोटलं.

त्या आरशासमोर बसल्या होत्या. कंगवा जमिनीवर पडलेला. केस दोन्ही बाजूंनी गालांना चिकटून खाली आलेले. एवढीशी बाई दिसत होती. रोज दिसणारी मान, चाल, सगळं त्या केसांबरोबर खाली आलं होतं.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आता जा आणि सगळ्या टॅम्पिनीसला सांगा."

टॅम्पिनीसमध्ये मी त्यांच्याखेरीज ओळखत कुणाला होते? मी कंगवा उचलून टेबलावर ठेवला.

उजवा खांदा बरेच दिवस दुखत होता, त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मग पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर म्हणाला, फ्रोझन शोल्डर, वर्षही लागेल, त्याहून जास्तही लागेल. "फ्रोझन म्हणे," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "त्या माशांच्या फ्रीजरपाशी उभी राहून राहून झालं हे." पण त्यांना हसू आलं नाही. हात छातीपर्यंत यायचा. त्याच्या वर नाही. डावा हात चांगला होता, पण त्या म्हणायच्या, डाव्या हाताला माझं डोकं कळत नाही.

आणि त्याच आठवड्यात पर्थहून मुलाचा फोन आला की तो येतोय.

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलाला त्यांना घेऊन जायचं होतं. हे घर विकायचं, आणि आईने पर्थला त्यांच्याबरोबर राहायचं. मागच्या खेपेला त्याने घर बघायला एजंटही आणला होता. शेवटी मायलेकांत एवढंच ठरलं होतं, की आई स्वतःचं सगळं स्वतः करते आहे तोवर तो हा विषय काढणार नाही.

"तो विचारणार नाही विहीणबाई. तो बघेल. लहानपणापासून त्याने मला एक दिवस बसलेल्या केसांची पाहिली नाही. त्याचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा नाही. केस बसलेले दिसले की तो समजेल. मग संपलं."

"पर्थ वाईट आहे का?" मी विचारलं.

"छान आहे. मोठं घर, पुढे गवत, एक कुत्रं. सगळे सकाळी जातात आणि मी आणि कुत्रं गवताकडे बघतो. कुत्र्याला तरी गवत आवडतं." मग म्हणाल्या, "इथे खाली उतरलं की मला कुणीतरी हाक मारतं. मला दुसरं काही नको."

मी म्हणाले, "मी करू का?"

माझ्या तोंडून ते कसं निघालं माहीत नाही. त्यांनी माझ्या तेल लावलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग स्टुलावर सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "हात साबणाने धुऊन या. दोनदा."

जन्मभर मी केस ओढत आले होते. आधी बहिणींचे, मग लेकीचे. मुळाकडून टोकाकडे, चापून चोपून, एक केस सुटता कामा नये. आता उलटं करायचं होतं. कंगवा डोक्याकडे ढकलायचा म्हटलं की हात थबकायचा. "ओढू नका! ढकला!" त्या ओरडायच्या. "दुखत नाहीये मला. घाबरता कशाला? गुंता होऊ द्या, गुंत्यावरच तर उभं राहायचंय!" पहिल्या दिवशी माझ्या हातून असं काही झालं की त्या आरशात बघून म्हणाल्या, "सुगरणीचं घरटं. पण सुगरण नवशिकी." दुसऱ्या दिवशी एका बाजूला उंच, एका बाजूला बसकं. मुलगा यायच्या आदल्या दिवशी त्यांनी आरसा हातात घेतला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि काहीच बोलल्या नाहीत. मी समजले, जमलं.

मुलगा उंच, शांत, आईसारखाच सावळा. मराठी बोलायचा, मधूनच इंग्रजीवर घसरायचा. खोली रिकामी नव्हती, म्हणून हॉलमध्ये गादी घालून झोपायचा. रोज पहाटे मी चहाचा कप घेऊन त्याच्या पायांशेजारून जायची, विहीणबाईंच्या खोलीत शिरायची आणि कडी लावायची. ड्रायर लावता येत नव्हता, आवाज झाला असता. मग पंख्यावर भागवायचं. त्या ओठ घट्ट मिटून बसायच्या, नुसत्या भुवयांनी सांगायच्या, इथे कमी, इथे जास्त. तो उठेपर्यंत त्या बाहेर येऊन खुर्चीत बसलेल्या असायच्या. घागर डोक्यावर.

तो बघत होता, यात शंका नाही. एकदा म्हणाला, "आई, वरच्या कपाटातला तो डबा दे ना."

"तुझी उंची किती?" त्या म्हणाल्या. "आणि माझी किती? लाज वाटत नाही?"

ठरलेलं असूनही जेवताना पर्थचा विषय निघालाच. "आई, तिथे ड्राय वेदर आहे. तुझे केस तिथे सुपर राहतील बघ."

"मग केसांना पाठवते तुझ्याबरोबर. मी राहते इथे."

जावई हसले. तोही हसला. मग म्हणाला, "तू एकटी असतेस ना पण."

"एकटी? मोज की माणसं. बाळ धरून."

"दे आर टेनंट्स, आई," तो हळू आवाजात म्हणाला. "सॉरी, राग मानू नका. पण भाडेकरू जातात."

खोटं काय होतं त्यात?

आणि मग एका पहाटे दारावर टकटक झाली. मी अर्धं डोकं केलं होतं. डावी बाजू उभी, उजवी अजून खाली. आम्ही दोघी श्वास धरून बसलो.

"आई, दार उघड. मला माहीत आहे."

मी कडी काढली. माझ्या हातात कंगवा तसाच. तो आत येऊन पलंगावर बसला.

"घरात आवाजच नाही," तो म्हणाला. "रोज मी पडून वाट बघतो. तू केसांना शिव्या देत नाहीस. मी शाळेत होतो तेव्हापासून त्या आवाजाने उठतोय. हात वर कर, आई."

"का? मी काय चोर आहे?"

"आई."

त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याने पुढे होऊन तो हात धरला आणि खाली मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"आंटी, तुम्ही रोज करता हे?"

मी मान हलवली.

"आणि तुम्ही गेल्यावर?"

जावयाचा इथल्या नोकरीचा पास नवा व्हायचा होता. कंपनीत काय चाललंय ते घरात बोललं जात होतं, मला अर्धंमुर्धं कळत होतं. जाणार नाही म्हणून कशाच्या जोरावर सांगू? मी म्हणाले, "मी असेन तोवर मी करीन."

"आणि नंतर?"

फार मायेने विचारलं त्याने. ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी आरशात पाहिलं. विहीणबाई आरशातून आम्हा दोघांकडे बघत होत्या, एक बाजू उभी, एक बाजू बसलेली.

"विहीणबाई, अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आधी ते पुरं करा."

मी पुरं केलं. तो बसून बघत होता. नेहमीपेक्षा बरं झालं. त्या उठल्या, साडी सारखी केली आणि मुलाला म्हणाल्या, "दुकानं उघडली की खाली जायचंय. चल माझ्याबरोबर."

शेजारच्या ब्लॉकखाली एका चिनी बाईचं केस कापायचं दुकान होतं. विहीणबाईंचं तिच्याशी बोलणं नव्हतं. का नव्हतं ते दोघींनाही आठवत नसावं, पण दुकानासमोरून जाताना त्या मान दुसरीकडे करायच्या आणि ती कात्री वाजवायची. त्या दिवशी विहीणबाई सरळ आत शिरल्या आणि खुर्चीत बसल्या. मी बाळाला कडेवर घेऊन दारात, मुलगा त्यांची पर्स धरून माझ्याशेजारी.

"कट," त्या म्हणाल्या आणि कानाच्या पाळीखाली बोट लावलं. "टिल हिअर."

चिनी बाई दोन पावलं मागे सरली. "युअर हेअर? यू शुअर ऑर नॉट? लेटर यू क्राय, लेटर यू स्कोल्ड मी!"

"आय विल स्कोल्ड यू ओन्ली इफ यू कट बॅडली."

मुलगा म्हणाला, "आई, काय करतेस? असं नको ना." त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

अंबाडा सुटला. मी सकाळी घातलेल्या पिना एकेक करून बशीत पडल्या. मग कात्री चालू झाली. लांब लांब बटा खाली येत होत्या आणि विहीणबाई डोळे उघडे ठेवून आरशात बघत होत्या. आणि गप्प बसतील तर त्या विहीणबाई कसल्या? मानेवर बारीक घे, माथ्यावर थर ठेव, एवढा जाड नको. ती बाई म्हणाली, "यू कट ऑर आय कट?" तरी दोघी मिळूनच ते डोकं करत होत्या. एवढे दिवस ज्या केसांचं वजन मी हातात तोललं होतं, ते फरशीवर पसरलं होतं. बाळ ते बघून खिदळत होतं.

पाणी मारून, टॉवेलने खसाखसा पुसून ती बाई बाजूला झाली. विहीणबाईंनी मान झटकली. वजन गेलेले केस आपापले उठले. उलटं विंचरणं नाही, रोलर नाही, स्प्रे नाही. त्यांनी डावा हात केसांतून एकदा फिरवला आणि हात खाली घेतला. केस तसेच उभे राहिले.

"डावा हात," त्या मुलाला म्हणाल्या. "एकदाच. पाहिलंस?"

त्याने विचारलं, "एवढं सोपं होतं तर एवढी वर्षं का नाही कापलेस?"

"एवढी वर्षं दोन हात होते."

चिनी बाईने पाठीमागे आरसा धरला. विहीणबाईंनी मान वळवून वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "नॉट बॅड." चिनी बाई म्हणाली, "ऑफ कोर्स नॉट बॅड." त्यानंतर त्या दोघी बोलायला लागल्या.

मुलाने पुन्हा पर्थचा विषय काढला नाही. राहिलेल्या दिवसांत त्याने बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला, वरच्या कपाटातले डबे खालच्या कपाटात लावले, पलंगाशेजारी फोन आणला. त्याच्या आईने त्या दांड्याला पहिल्या दिवशी टॉवेल वाळत घातला. निघाला तेव्हा मी लिफ्टपाशी उभी होते. तो वाकून मला नमस्कार करून म्हणाला, "आंटी, पहिले केस जास्त छान होते. तिला सांगू नका."

मी अजून सांगितलेलं नाही.

तो म्हणाला ते पुढे खरं झालं. भाडेकरू जातात. आम्हीही गेलो. आधी सेंगकांगला, मग सगळं गुंडाळून पुण्याला, आणि मी माझ्या घरी. पण त्या घराबद्दल विचार करते तेव्हा मला निघण्याचा दिवस आठवत नाही. मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट आठवते.

सवयीने मला जाग आली. मी हात धुतले, दोनदा. चहा केला. कप घेऊन त्यांच्या खोलीपाशी गेले तर दार उघडंच. त्या खिडकीशी बसल्या होत्या. पलीकडच्या ब्लॉकच्या आडून उजेड येत होता आणि तो त्यांच्या केसांतून आरपार दिसत होता. केस आधीच झाले होते. मी चहा ठेवला. स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं. कंगवा आरशापुढे पडलेला होता, त्याला मी हात लावला नाही. परत फिरावं की थांबावं, ते कळेना.

"काय हवंय विहीणबाई?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मग बसा की," त्या म्हणाल्या. "काही नाही करायला दोघी लागतात."